हौदाचा तळ मी खरवडला

बाग दाखवणं हेही काम असतं, यावर माझ्या माहेरच्या लोकांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. "झाडं तर सारीकडेच असतात, मंग त्यात दाखोतं काय तू?" असं माझा भाऊ दर दिवाळीला विचारायचा. दरवेळी मी सांगायला जायची आणि दरवेळी भांडण व्हायचं. म्हणून यंदा लिहूनच काढते. वाचून पटलं तर ठीक, नाही पटलं तर भावाकडे जाऊन बसा, दोघांचं जमेल.

डोणगावच्या पुढे आमच्या गावच्या उतारावर देशमुखांची नऊ एकरांची जुनी बाग आहे. अण्णासाहेब देशमुखांच्या पणजोबांनी लावलेली. कलमी आंबे, खिरणीची झाडं, मोसंबीचे दोन तुकडे, बकुळ, सोनचाफा, अनंत आणि एक कवठ, ज्याच्याखाली कोणीही गाडी लावू नये असं मी हजार लोकांना सांगितलं आणि त्यातल्या शंभरांनी तरी काचा फोडून घेतल्या. मी तिथे आधी निंदण-खुरपणाला होते, मग बायकांची मुकादम झाले आणि पुढे चौदा वर्षं आल्यागेल्याला बाग दाखवली. मला कोणी गाईड म्हटलं की राग यायचा. गाईड सांगून मोकळा होतो. मला सांगून झाल्यावर तेच झाड जगवायचंही असायचं.

आता धंद्याची गोष्ट. ही बाग पाण्यानं बांधलेली आहे. वर चढावर विहीर, तिच्या खाली दगडी हौद, हौदातून निघालेला दगडी पाट आणि पाटाला फुटलेल्या सरी. पूर्वी मोट होती, आता मोटार आहे. पण मोटार विजेची आणि वीज तिच्या मर्जीची. ती आली की हौद भरून घ्यायचा आणि मग दिवसभर हवं तेव्हा हौदाचा दट्ट्या काढायचा. दट्ट्या म्हणजे बाभळीचं लाकडी बूच, काथ्या गुंडाळलेलं. ते काढलं की पाणी आपल्या वजनानं उतार धरतं आणि शेवटच्या आंब्यापर्यंत जातं. कोणाला ढकलावं लागत नाही.

मी लोकांना पाण्याबरोबर चालवत असे. ही माझी पद्धत, कोणी शिकवलेली नाही. पाहुणे हौदापाशी उभे करायचे, दट्ट्या काढायला लावायचा आणि कोरड्या पाटातून पाण्याचं तोंड जसं पुढे सरकेल तसं आपण शेजारून चालायचं. पाणी बकुळीपाशी थांबलं की आपणही थांबायचं. त्याला शेवटपर्यंत पोचायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात बाग पाहून होते. घाईची माणसं पहिल्या वळणावरच तडफडायची. पुण्याची एक जोडी मला म्हणाली, "मावशी, यात मेन पॉइंट कुठला ते सांगा, आम्ही डायरेक्ट तिकडे जातो." मी म्हटलं, "पाणी जिकडे जाईल तिकडे." मेहकरचे एक निवृत्त गुरुजी दर गुरुवारी यायचे, पाण्याबरोबर खिरणीपर्यंत चालायचे आणि तिथे आडवे होऊन घोरायचे. त्यांना मी कधी उठवलं नाही. बागेचा त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

दट्ट्या काढणारा आणि बसवणारा माणूस एकच होता, रामराव; आम्ही सगळे त्यांना रामभाऊ म्हणायचो. बागेचं पाणी बावीस वर्षं त्यांच्या हातात. बोलणं मोजकं, चालणं सावकाश. कुठल्या झाडाला किती पाणी द्यायचं हे ते झाडाकडे न बघता सांगत. आमचं फारसं पटायचं असं नाही, कारण मी बोलणारी आणि त्यांना बोलणाऱ्या माणसाचा कंटाळा. पण कामाची अडचण कधी आली नाही. ती आली माझ्यामुळे.

अण्णासाहेबांची मुलगी मृणालताई पुण्याला असते. अण्णासाहेबांचे गुडघे गेले, खुर्चीतून उठणं जड झालं, तेव्हा बागेचं पुढे काय हा प्रश्न तिच्यावर आला. एक बेत होता की झाडं काढून तिथे लग्नाचं लॉन करायचं. दुसरा होता की बाग आहे तशी ठेवून पाहुण्यांसाठी नीट चालवायची. पाडव्यानंतर मृणालताई जुन्या बागांची माहिती असलेल्या चार माणसांना घेऊन येणार होती. त्यांनी पाहायचं आणि मग ठरायचं. म्हणजे माझ्या पाऊण तासावर सगळ्या झाडांचं भवितव्य. मी पेटले. बाग अशी दाखवीन की लॉनचं नाव कोणी काढणार नाही, असं ठरवलं.

बाग झाडली, पाट घासले, आळी केली. मग माझी नजर हौदाकडे गेली. पाणी सोडलं की तळाशी काळा गाळ दिसायचा. मला ते बरं वाटेना. तीन बायका घेतल्या, हौद रिकामा केला आणि आत उतरलो. वरचा गाळ काढला. त्याखाली राखाडी, चिकट, दाबून बसलेला एक थर लागला. खुरप्यानं खरवडला तर खाली घडीव दगडांची सुंदर फरशी. मला इतका आनंद झाला की काय सांगू. एवढी फरशी आणि आजवर कोणी पाहिली नाही! आम्ही तो थर सगळा काढला, कोपऱ्याकोपऱ्यातून.

रामभाऊ काठावर येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, तळ काऊन खरवडून राह्यल्या? असू द्या तो."

"तुमी दट्ट्या पाहा रामभाऊ," मी खालूनच म्हटलं, "तळाचं मी पाहीन."

ते गेले. हौद दोन दिवस चैत्राच्या उन्हात वाळवला, भिंतींना चुना दिला, मग भरला. पाण्यातून फरशी दिसत होती. मी स्वतःवर खूष होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दोन हात खाली गेलेलं. त्याच दुपारी बारा वाजता, मृणालताईचे पाहुणे हौदापाशी उभे राहिले तेव्हा तळाला ओल तेवढी उरली होती. मृणालताई माझ्याकडे पाहत होती. मी दट्ट्या काढायला सांगितला. काढला. पाटात थेंबसुद्धा आला नाही. पाहुणे सभ्य होते, कोरडा पाट पाहूनसुद्धा छान छान म्हणत राहिले.

व्हरांड्यातल्या खुर्चीतून अण्णासाहेब चार पाहुण्यांदेखत म्हणाले, "रामराव, दट्ट्या नीट बसवत जा. वय झालं तुमचं."

आता हे नीट समजून घ्या. दट्ट्या सैल असता तर पाणी पाटात गेलं असतं, पाट ओला असता. पाट तर रात्रभराचा कोरडा ठणठणीत होता. हे खुर्चीतून दिसत नव्हतं, पण मला दिसत होतं आणि रामभाऊंनाही. पाणी खालून गेलं होतं. तो राखाडी थर घाण नव्हती. पणजोबांच्या वेळी कोणीतरी तुडवून, ठोकून बसवलेली चिकणमाती होती, तिनंच पाणी धरलं होतं. मी ती काढली आणि दगडांच्या फटी उघड्या पाडल्या.

रामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी बकुळीकडे पाहिलं.

त्या तीन बायकांनाही कळलं होतं, पण मी त्यांची मुकादम. त्या कशाला बोलतात? आठ दिवस आम्ही हौद भरत राहिलो, तो रिकामा होत राहिला आणि आठही दिवस अण्णासाहेब रामभाऊंना बोलत राहिले. नवव्या दिवशी रामभाऊंनी दट्ट्या व्हरांड्याच्या पायरीवर ठेवला, हात जोडले आणि संग्रामपूरकडे, सोनाळ्याला, लेकीच्या घरी निघून गेले. त्यांचा दट्ट्या पायरीवरच राहिला, भोकाला आम्ही दुसरं बूच बसवलं; तरीही पाणी थांबेना, तेव्हा तरी लोकांना कळेल असं मला वाटलं. तर गावानं उलटंच काढलं: जाता जाता भोकच बिघडवून गेला म्हणे. मी तेही ऐकून घेतलं. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण लिहिलंच पाहिजे.

झाडांची पानं वळू लागली. मोसंबीनं फळं टाकली. मृणालताईचा फोन आला, "वत्सलाबाई, पावसाळ्यापर्यंत थांबते. हौदानं पाणी धरलं नाही तर मला लॉनशिवाय पर्याय नाही." तिचं चुकलं नव्हतं.

अशात एक दिवस लोणारच्या बसनं एक म्हातारे उतरले. तुळशीरामजी म्हणून, जातीचे बेलदार, दगडमातीच्या कामात जन्म गेलेला. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की इथे जुना दगडी हौद आहे. म्हणजे बाग पाहायला आलेले पाहुणेच. मी त्यांना झाडं दाखवायला लागले तर ते तडक हौदात उतरले. तळावर हात फिरवला, फटीत काडी घातली.

"इथली माती कोनं काढली?" त्यांनी विचारलं.

"होती एका माणसाच्या हाती सफाई," मी म्हटलं. म्हणजे तिथेही खोटंच बोलले.

"त्याले बोलवा."

"काऊन?"

"तो किती खोल गेला, कोपरे कसे होते, माती उतारानं होती का सपाट, हे त्यालेच मालूम असन ना. मले अंदाजानं थर द्याचा नाही. अंदाजानं देल्ला का वर्षभरात फाटते."

ते काठावर बसून माझ्याकडे पाहत राहिले. घाईत नव्हते. मला वाटलं, हा माणूस गेला तर बाग गेली. आणि खरं सांगितलं तर मी गेले. दोन्ही एकदमच मनात आलं. मग मी आत उतरले आणि म्हटलं, "म्या काढली. माह्या हातानं. कोपऱ्यात वीतभर होती, मधात बोटभर कमी. उतार दट्ट्याकडे होता."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले आणि विडी पेटवली. त्यांना त्याच्याशी बाकी काही देणंघेणं नव्हतं.

तशीच उठून अण्णासाहेबांपुढे गेले आणि सगळं सांगितलं, रामभाऊंनी आधी टोकलं होतं तेसुद्धा.  अण्णासाहेब म्हणाले, "मी इथं बसून त्या माणसाले आठ दिवस बोललो. तुम्ही तिथं उभ्या राहून ऐकत होत्या."

"हाव."

"सोनाळ्याले कोण जाते?"

"मीच जाईन."

मेहकर, खामगाव आणि पुढे आणखी एक बस. पोचले तेव्हा रामभाऊ लेकीच्या अंगणात दोरी वळत बसले होते. त्यांनी पाणी विचारलं. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "रामभाऊ, अण्णासाहेबाले सांगतलं म्या. समदं. तुमी चला."

ते दोरी वळत राहिले. "आठ रोज थांबलो मी," ते म्हणाले. "मीबी बोलू शकत होतो. पण म्हटलं बाई बोलन. आज बोलन, उद्या बोलन. रोज सकाळी वाट पाह्यली."

त्यांनी दोरीचा पीळ घट्ट केला.

"मले कोनी चोर म्हटलं असतं तं भांडलो असतो. बुढा झाला, हात चालत नाही म्हटलं. त्याले काय करता?" मग म्हणाले, "जा तुमी. हौद धरू द्या पहिले."

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की हौद धरलाच पाहिजे. बागेसाठी होतंच, पण आता ते दुसऱ्या नंबरावर होतं.

तुळशीरामजींनी माती निवडली, नाल्याकाठची. ती चाळायची, भिजवायची आणि मग तुडवायची. तुडवायची म्हणजे दोनचार तास नव्हे. माती पायाखाली लोण्यासारखी होऊन आवाज बंद होईपर्यंत, एकेक थर, दिवसेंदिवस. पूर्वी यासाठी रेडे लावत. आता गावात रेडा शोधून सापडेना आणि माणसं हळदीच्या नि कांद्याच्या कामात अडकलेली. चार दिवस आम्ही चौघीच तुडवत राहिलो आणि कोपरासुद्धा झाला नाही. तुळशीरामजी म्हणाले, "मधातच वाळली तं मेहनत पाण्यात. पाय पायजेत, पाय."

त्याच दिवशी लोणार पाहून परतणारी बचत गटाच्या बायकांची गाडी बागेत आली. चाळीस बायका. "मावशी, बाग दाखवा," म्हणाल्या. मी त्यांना हौदाच्या काठाशी नेऊन उभं केलं. आणि म्हटलं, "बाग नंतर. हा हौद फुटला आहे. गाव म्हणते रामराव नावाच्या माणसानं फोडला. खोटं आहे. म्या फोडला, खुरप्यानं. त्यानं मले थांबवलं होतं, म्या ऐकलं नाही, अन् त्याच्यावर आळ आला तवा गप राह्यले. आता बाग पाह्याची असन तं चपला काढा अन् अर्धा घंटा माती तुडवा. ज्याले पटत नसन त्यानं बकुळीखाली बसा."

कोणी बसलं नाही. एक जाडजूड बाई पहिल्यांदा उतरली, म्हणाली, "घरी मेथीची भाजीबी पायानं नाही तुडवली म्या, पण चला." मग साऱ्याच उतरल्या. कोणीतरी कोजागिरीला म्हणायची भुलाबाईची गाणी धरली, भर वैशाखात. पाय आपोआप एका ठेक्यात पडायला लागले. तुळशीरामजी काठावरून काठीनं जागा दाखवत होते: इथं कच्ची, तिथं कच्ची.

त्यानंतर मी कोणालाच सोडलं नाही. देवदर्शनाला निघालेलं कुटुंब आलं, ते तुडवून गेलं. खामगावहून एक डॉक्टर आले, पँट गुडघ्यापर्यंत वर करून. नवरदेवाकडचं वऱ्हाड सावलीला थांबलं होतं, त्यातले काका-मामा उतरले आणि नवरदेवाला हळद लागलेली म्हणून काठावर बसवलं. बंगळूरचा एक मुलगा आला, त्याला मराठी येत नव्हतं. त्याला मी हातवारे करून सांगितलं की मी फोडला. त्यानं मान डोलावली आणि बूट काढले. प्रत्येक गटापुढे मी तेच बोलत होते, पहिल्यापासून, काही न गाळता. पहिल्या दिवशी जीभ अडखळली. पाचव्या दिवशी अडखळेना, तेव्हा मला भीती वाटली की हेही आता बाग दाखवण्यासारखं सवयीचं होतंय. म्हणून सहाव्या दिवशी गावातली माणसं बोलावली, ज्यांनी रामभाऊंना नावं ठेवली होती ती. त्यांच्यापुढे पुन्हा अडखळले. ते बरं झालं.

थर झाले, चोपण्यानं, म्हणजे लाकडी थापीनं, ठोकले, ओली पोती टाकली. मग हौद एकदम न भरता रोज एक हात भरला. काठापर्यंत आला त्या सकाळी मी भिंतीवर कोळशानं रेघ मारली. दुसऱ्या सकाळी पाणी रेघेलाच होतं. तिसऱ्याही. मृणालताईला फोन केला. ती पुण्याहून आली, पाण्याबरोबर शेवटच्या आंब्यापर्यंत चालली आणि लॉनचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

रामभाऊ आले ते पावसाच्या तोंडाशी. कोणाला कळवलं नव्हतं. पाहुण्यांचा एक गट हौदापाशी उभा होता, त्यात मागे ते, हातात पिशवी. मी त्यांना पाहिलं आणि माझं बोलणं जसं रोज असायचं तसंच बोलले, त्यांच्या नावासकट. त्यांनी ऐकलं. मग रेघेपाशी जाऊन बसले. त्या दिवशी दट्ट्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रेघ पाहिली, आणि मग अण्णासाहेबांच्या पायरीवरून आपला जुना दट्ट्या उचलला. अण्णासाहेब खुर्चीतून धडपडत उठले होते. रामभाऊंनी त्यांना बसायला सांगितलं.

त्यानंतर आम्ही पाच वर्षं एकत्र काम केलं. काम चोख. पण माझ्या हातचा चहा त्यांनी त्या पाच वर्षांत घेतला नाही. घरून आणलेला प्यायचे, पाटाच्या पलीकडे बसून. एकदा एका पाहुण्यानं त्यांना विचारलं, "काका, या बाई सांगतात ते खरं का?" ते म्हणाले, "मले काय माहीत? मी तवा इथं नोयतो. या हौदात साऱ्या मुलखाचे पाय हायेत. माहे नाहीत." माझ्याकडे न पाहता म्हणाले. मी त्या रात्री घरी जाऊन रडले. कारण ते खरंच होतं. मी चाळीस बायकांना उतरवलं, डॉक्टरला उतरवलं, आणि बावीस वर्षं ज्यानं ते पाणी सांभाळलं त्याला सोनाळ्याला बसवून ठेवलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यात दट्ट्याजवळच्या कोपऱ्यात माती थोडी उघडी पडली. पाणी अजून जात नव्हतं, पण वेळेवर थर देणं भाग होतं. तुळशीरामजी आता नव्हते. माती मी निवडली, चाळली, भिजवली. त्या दिवशी फाटक बंद ठेवलं, आलेल्या दोन गाड्यांना परत पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांना नाही म्हटलं. मग रामभाऊंना जाऊन म्हटलं, "रामभाऊ, कोपरा तुडवाचा आहे. आज कोनालेच बोलावलं नाही. चपला काढा."

त्यांनी हौदाकडे पाहिलं.  मग धोतर वर खोचलं, चपला काठावर नीट जोडून ठेवल्या आणि उतरले. पाय टेकवून, दाबून पाहिला.

"कडक भिजोली," म्हणाले. "पानी टाका थोडं."

मी तांब्यानं पाणी टाकलं. ते तुडवू लागले, सावकाश, टाच दाबून. मी काठावर तांब्या धरून उभी. चार फेऱ्या झाल्या, पाच झाल्या. मग ते थांबले आणि मान वर करून म्हणाले, "काठावर उभ्या राहून काय पाहता, वत्सलाबाई? या आत. तुमचं काम हाये हे."

मी पदर खोचला आणि उतरले.